आत्याचा ‘गॅस’ आणि बाबांची बायपास

डॉक्टरबाईंना नमस्कार. मी ३६ वर्षांची, फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत शिकवते. माझ्या बाबांची नऊ वर्षांपूर्वी, ५२ व्या वर्षी बायपास झाली. तीन ग्राफ्ट घातले होते. दोन महिन्यांपूर्वी चढ चढताना छातीत परत भरून यायला लागलं म्हणून अँजिओग्राफी केली. पायातल्या शिरेचे दोन्ही ग्राफ्ट बंद, छातीतला एक चालू. आजोबा ४८ व्या वर्षी झोपेतच गेले, थोरले काका ५१ व्या. एक आत्या होती, ती ५९ व्या वर्षी रात्री ‘गॅस’ होऊन वारली. धाकटे काका म्हणतात, ऑपरेशनच नीट झालं नव्हतं. त्यांनी देवळात कौल लावला, त्यात पूर्वजांचा दोष निघाला. भाऊ ३३ वर्षांचा, बोटीवर असतो, सिगारेट ओढतो. ‘रक्तातच आहे तर सोडून काय उपयोग’ असं म्हणतो, आणि थुंकीवरून जीन्स तपासायचं किट मागवायला निघालाय. आई रात्रंदिवस त्याच्या काळजीत. बाबांची जुनी फाईल चाळताना बायपासच्या आधीच्या एका कागदावर एलडीएल २२८ दिसलं. याचा अर्थ काय? आणि भावाने ते किट घ्यावं का?

— फोंड्याची एक वाचक

तुझ्या पत्रात आजोबा आले, दोन काका आले, आत्या आली, बाबा आणि भाऊही आले. तुझ्या स्वतःच्या छातीची चौकशी मात्र एका ओळीतही नाही. तिच्याकडे येते थोड्या वेळाने.

आधी धाकट्या काकांचं बोलू. ‘ऑपरेशन नीट झालं नव्हतं’ हे वाक्य डिचोलीच्या माझ्या दवाखान्यात चौतीस वर्षांत मी इतक्यांदा ऐकलंय की कुणी तोंड उघडायच्या आत मला ते ऐकू येतं. कधी खरंही असतं. पण तू जे लिहिलंयस त्यावरून तरी तसं वाटत नाही. पायातली शीर काढून हृदयाला जोडायची पद्धत रेने फावालोरो या सर्जनने १९६७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये रुळवली. ती शीर बिचारी पायातली. आयुष्यभर तिने मंद दाबाचं रक्त वर चढवलेलं. तिला एकदम महाधमनीला जोडलं की कुळागरातल्या मातीच्या पाटातून धरणाचं पाणी सोडल्यासारखं होतं. तो जोर सोसायला शीर आतून जाड होत जाते. पहिल्या महिन्यात भीती असते ती गुठळीची, पुढे वर्षभर अस्तर जाड होण्याची, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्याच जाड अस्तरात कोलेस्टेरॉल साचण्याची. दहा वर्षांनी पायाच्या शिरेचे साधारण निम्मे ग्राफ्ट बंद पडलेले किंवा खराब झालेले असतात. छातीतल्या धमनीचे मात्र दहातले नऊ चालू असतात, कारण ती मुळात धमनीच आहे, तिला या दाबाची सवय आहे. बाबांच्या बाबतीत अगदी हेच झालंय. छातीतला ग्राफ्ट साधारणपणे हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडलेला असतो. तो चालू आहे ही तुझ्या पत्रातली सगळ्यात चांगली बातमी, आणि ती तू तीन शब्दांत उरकलीस.

तेव्हा सर्जनला तूर्त सोडून देऊ. मला विचारायचंय ते गेल्या नऊ वर्षांतल्या गोळ्यांबद्दल. बाबा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, घेत होते का? रोज? केवढ्या डोसची? आणि ती घेत असताना एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं वाईट कोलेस्टेरॉल, किती होतं, ते कुणी तपासलं का? बायपास झाली की आपल्या लोकांना वाटतं नवा पाइप घातला, आता पंप चालू. वर्ष-दोन वर्षं गोळ्या नेमाने होतात. मग कुणीतरी सांगतं की त्याने लिव्हर खराब होतं, सांधे धरतात, आणि डबी फ्रिजवर जाऊन बसते. १९९७ मध्ये बायपास झालेल्या १३५१ माणसांवरचा एक अमेरिकी अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं एलडीएल औषधाने १०० च्या खाली नेलं, बाकीच्यांचं १३० च्या वरच राहिलं. काही वर्षांनी सगळ्यांचे ग्राफ्ट पुन्हा पाहिले, तेव्हा पहिल्या गटात २७ टक्के ग्राफ्टमध्ये रोग पुढे सरकला होता आणि दुसऱ्यात ३९ टक्के. ऑपरेशन दोन्हीकडे तेच होतं, फरक गोळीचा होता. धाकट्या काकांना हे वाचून दाखव. ऐकतील असं नाही.

आता २२८ चं. फाईल चाळलीस हे फार बरं केलंस, कारण गोळी सुरू होण्याआधीचा आकडा पुन्हा मिळत नाही. एलडीएल १९० च्या वर असेल, थायरॉइडसारखं दुसरं कारण नसेल आणि घरात तरुणपणी गेलेली माणसं असतील, तर आनुवंशिक कोलेस्टेरॉलवाढीचा संशय घ्यायचा असतो. मी इथे बसून निदान करत नाही. पण बाबांच्या डॉक्टरांसमोर हा कागद ठेवून हाच प्रश्न विचार, आणि त्यांना बाबांच्या टाचेमागची कंडरा, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेला बांधणारी दोरी, चाचपायला सांग. अशा माणसांची ती कधीकधी जाड, गाठाळ झालेली असते. पंचेचाळिशीच्या आत डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडं आलं होतं का, तेही आईला विचारून ठेव. बायकोच्या ते लक्षात असतं.

हा दोष असतो कुठे? यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारे हात असतात, रिसेप्टर म्हणतात त्यांना. ब्राउन आणि गोल्डस्टीन या दोघांनी ते शोधले, १९८५ चं नोबेल त्यांना मिळालं. आईकडून एक आणि बापाकडून एक अशा जनुकाच्या दोन प्रती आपल्याला मिळतात. त्यातली एक बिघडलेली असेल तर हात निम्मेच उरतात आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं, तेही जन्मल्या दिवसापासून. म्हणजे पन्नाशीला दिसलेला ब्लॉक पाळण्यात असतानाच साचायला लागलेला असतो. साधारण अडीचशे माणसांत एकाला हे असतं, इतकं काही दुर्मीळ नाही. बाबांना हे असेल तर त्यांच्या प्रत्येक मुलाला ते मिळायची शक्यता निम्मी. प्रत्येक मुलाला म्हटलं मी. मुलग्याला नव्हे.

इथेच तुझ्याकडे येते. देवळाच्या महाजनांच्या यादीत पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांची नावं चढत आली, लेकींची नाहीत. त्याची सवय इतकी मुरलीय की रोगाचा वारसाही आपण त्याच यादीने मोजतो. आजोबा, काका, बाबा, आणि आता भाऊ. आई भावाच्या काळजीत. आणि तू, शिकलेली, फाईल उघडून नेमका आकडा हेरणारी, तूसुद्धा स्वतःला त्या यादीत धरलं नाहीस. कोलेस्टेरॉलचं हे जनुक मुलगा-मुलगी बघत नाही. बायकांना त्रास दहाएक वर्षं उशिरा सुरू होतो, म्हणून त्या सुटल्यासारख्या वाटतात. बाप-भावाला ५५ च्या आत किंवा आई-बहिणीला ६५ च्या आत हृदयरोग झाला तर तो लवकर आला असं आम्ही धरतो. तुझी आत्या ५९ व्या वर्षी गेली. रात्री, अचानक, ‘गॅस’ होऊन.

गॅसने माणूस मरत नाही गं. बायकांचा हार्ट अटॅक पुष्कळदा असाच येतो. पोटाच्या वरच्या भागात जळजळ, मळमळ, घाम, जबड्यात किंवा पाठीत दुखणं, दम लागणं. मग घरचे ओवा देतात, सोडा देतात, आणि वेळ निघून जाते. माझ्याच एका पेशंटला मी पोटाच्या गोळ्या देऊन घरी पाठवलं होतं. सकाळी तिचा ईसीजी पाहिला तेव्हा मला खुर्चीवर बसावं लागलं. ती वाचली. मी मात्र त्या दिवसापासून पन्नाशीच्या बाईने गॅस म्हटलं की आधी ईसीजी काढला आणि मग पोटावर हात ठेवला. तुझ्या आत्याला काय झालं होतं हे आता सिद्ध होणार नाही, पण वंशावळीत तिच्यापुढे मी तरी ‘गॅस’ लिहिणार नाही.

तेव्हा या महिन्यात तू स्वतःचं लिपिड प्रोफाइल कर. एलडीएल १९० च्या वर आलं, किंवा तुझ्या वयात १६० च्या आसपासही, तर हृदयरोगतज्ज्ञांना भेट. पुढे बाळ हवं असेल तर ते पहिल्याच भेटीत सांग, कारण त्या काळात स्टॅटिन साधारणपणे थांबवतात. मुलंबाळं आहेत की नाहीत ते तू लिहिलं नाहीस. असतील, आणि तुझं एलडीएल वाढलेलं निघालं, तर त्यांचंही बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने तपासायचं असतं. तुझं नीट आलं तर त्यांच्या बोटाला सुई लावायचं या कारणासाठी तरी काम नाही.

एलडीएल बरोबर आणखी एक तपासणी आहे, जी आपल्याकडे अजून फारशी कुणी लिहून देत नाही. लिपोप्रोटीन ए. १९६३ मध्ये नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी शोधलेला हा कण एलडीएलचाच भाऊबंद, अंगावर जादा प्रथिनाची शेपटी घेऊन फिरणारा. धमनीच्या भिंतीत कोलेस्टेरॉल नेतो आणि तिथला दाहही वाढवतो. त्याची पातळी जवळजवळ पूर्णपणे जनुकं ठरवतात. पथ्याने हलत नाही, चालण्याने हलत नाही, स्टॅटिननेही उतरत नाही. ५० मिलीग्रॅमच्या वर, किंवा लॅब नॅनोमोलमध्ये देत असेल तर १२५ च्या वर गेली की जास्त धरायची. भारतीयांमध्ये अशी माणसं पुष्कळ आहेत. आयुष्यात एकदा केली की बहुतेकांना पुरते. एक सांभाळ. काउंटरवरचा मुलगा ‘अपोलिपोप्रोटीन ए-वन’ लिहून घेईल, ते वेगळं प्रकरण आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांकडूनच नीट लिहून घे. मी हे का सांगते? पथ्य पाळणारा, गोळ्या घेणारा, बारीक माणूससुद्धा ग्राफ्ट बंद पडून परत येतो तेव्हा कधीकधी हाच घरात लपलेला असतो. पातळी जास्त निघाली तर आज हातात असलेलं उत्तर म्हणजे बाकी सगळं, एलडीएल, बीपी, साखर, तंबाखू, जास्त कडकपणे आवरणं. ती खाली आणणाऱ्या खास औषधांच्या चाचण्या चालू आहेत.

आता भावाचं किट. मी त्याला नको म्हणेन, आणि ते जनुकांवर विश्वास नाही म्हणून नव्हे. रिसेप्टरसारखं एकच जनुक बिघडून होणारा हृदयरोग थोड्यांचा. बाकी बहुतेकांमध्ये शेकडो जनुकं चिमूट-चिमूट हातभार लावतात, हुमणातल्या मसाल्यासारखी. २००७ मध्ये नवव्या गुणसूत्रावर ९पी२१ नावाची जागा सापडली. तिथला एक फरक पुष्कळ लोकांमध्ये असतो आणि तो असला की हृदयरोगाची शक्यता थोडी वाढते. साहजिकच लोकांनी विचारलं, ज्यांची बायपास झालीय त्यांचं पुढचं भविष्यही यावरून सांगता येईल का? २०१० च्या एका अभ्यासात बायपासनंतरच्या मृत्यूंशी त्याचं नातं दिसलं. मग २०१९ मध्ये बऱ्याच देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले, तर आधीच हृदयरोग असलेल्या माणसांत पुढच्या अटॅकशी त्याचा संबंध लागला नाही. मला हा या सगळ्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो. रोगाला दारात आणणारी जनुकं आणि आत शिरलेल्या रोगाला पुढे ढकलणारी जनुकं एकच असतील असं नाही. ग्राफ्टमध्ये तर शिरेची जात, टाके, दाब, गुठळी, साखर, सिगारेट असे सगळे मिळून खेळतात. तिथे घरपोच किटचा आकडा बाबांच्या ग्राफ्टबद्दल काहीच सांगत नाही, आणि भावाबद्दल सांगतो तेही मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून बसवलेल्या गणिताने.

शिवाय तुमच्या घराला कुणाच्या थुंकीची गरजच नाही. आजोबा ४८, काका ५१, बाबा ५२, आत्या ५९, आणि एलडीएल २२८. यापेक्षा मोठी जीन टेस्ट ती काय असणार? हां, दोन्ही मुलांची एलडीएल वाढलेली निघाली आणि तज्ज्ञांनी रिसेप्टरच्या जनुकाची नेमकी तपासणी सुचवली, तर ती जरूर करा. एकाचा दोष नेमका सापडला की बाकीच्या नातेवाइकांना फक्त तेवढीच जागा तपासावी लागते. आणखी एक जनुक कामाचं आहे. बाबांना आता स्टेंट घातला आणि क्लोपिडोग्रेल ही गुठळी रोखणारी गोळी सुरू केली, तर काहींच्या यकृतात ती नीट कामाला लागत नाही. आपल्याकडे असे लोक बरेच असतात. त्याची तपासणी आहे, किंवा दुसरी गोळी आहे. ते तज्ज्ञ ठरवतील, तू फक्त विचार.

‘रक्तातच आहे तर सोडून काय उपयोग’. हे भावाने एकट्याने म्हटलेलं नाही, धाकटे काकासुद्धा कौलाच्या भाषेत तेच म्हणतायत. कौलाशी माझं भांडण नाही. माझ्या आईने माझं मेडिकलला जाणंसुद्धा कौल लावूनच ठरवलं होतं. पण पूर्वजांचा दोष आहे असं देवाने सांगितलं असेल तर देव बरोबरच बोलला, फक्त कुठल्या लॅबमध्ये जायचं ते सांगायचं राहिलं. भावाला मात्र आकड्यात सांग. २०१६ मध्ये पंचावन्न हजारांहून जास्त लोकांची जनुकं आणि राहणी यांचा एकत्र अभ्यास आला. जनुकांनी सगळ्यात वाईट पानं दिलेल्यांमध्येही, जे सिगारेट ओढत नव्हते, वजन आवरून होते, हालचाल करत होते आणि बऱ्यापैकी खात होते, त्यांची जोखीम वाईट राहणीवाल्यांपेक्षा जवळजवळ निम्मी होती. म्हणजे ज्याच्या रक्तात आहे त्यालाच सिगारेट सोडण्याचा सगळ्यात जास्त फायदा. तो म्हणेल, बोटीवर चढण्याआधी मेडिकल होतं, ईसीजी नॉर्मल येतो. विश्रांतीतला ईसीजी नॉर्मल असलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी अटॅक आलेला मी पाहिलाय. त्याला त्या मेडिकलचा लिपिडचा कागद मागायला सांग. पुढच्या सुट्टीत उतरला की पहिल्या आठवड्यात रक्त, मग बाकीचा गोवा.

बाबांचं आता. बंद ग्राफ्ट उघडायचा, मूळ धमनीतच स्टेंट घालायचा, की औषधांवर ठेवायचं, हे अँजिओग्राफीची सीडी बघणाऱ्यानेच सांगावं. दुसरं मत हवं तर बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, हृदयरोग विभाग आहे, सगळे कागद घेऊन जा, २२८ वाला कागद सगळ्यात वर ठेवून. तिथे एवढंच विचार, की एलडीएल ५५ च्या खाली आहे का, आणि नसेल तर आणायला काय करायचं. जोराचा स्टॅटिन, सोबत एझेटिमाइब, आणि तेवढ्याने भागलं नाही तर इंजेक्शनं आहेत. त्या इंजेक्शनांची गोष्ट भावाला आवडेल. २००३ मध्ये फ्रान्समधल्या अशाच, तरुणपणी अटॅक येणाऱ्या घराण्यांमध्ये पीसीएसके-९ नावाचं जनुक बिघडलेलं सापडलं. थोड्याच वर्षांत उलट्या बाजूने बिघडलेले लोकही सापडले, त्यांचं एलडीएल जन्मभर कमी आणि हृदयरोग फारच थोड्यांना. त्यांची नक्कल करणारं औषध त्या पहिल्या शोधापासून बारा वर्षांत तयार झालं. महाग आहे, त्यामुळे आधी साध्या गोळ्या नेमाने घेऊन बघायच्या.

जेवणाबद्दल तू विचारलं नाहीस, बरं केलंस. गोव्यात राहून नारळ सोडा असं सांगणारी डॉक्टर मी नव्हे. हुमण खाऊ देत, त्यात नारळाच्या रसापेक्षा मासळी जास्त असू दे, आणि तळलेलं रोज नको. पण आनुवंशिक कोलेस्टेरॉल असेल तर पथ्याने ते थोडंसंच उतरतं. ‘मी तेल बंद केलंय, आता गोळी कशाला’ हे बाबांच्या तोंडून आलं तर ऐकून घेऊ नकोस. आणि छातीतलं भरून येणं बसल्या जागी व्हायला लागलं, किंवा आधीपेक्षा कमी चालण्यावर यायला लागलं, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. घाम फुटला तर १०८.

एक काम चवथीसाठी ठेव. मूळ घरात सगळी भावकी जमेल, माटोळी बांधून झाली की दुपारी सगळे सुस्तावतात. तेव्हा वही घेऊन बस. कोण कितव्या वर्षी गेलं, कसं गेलं, कुणाला शुगर, कुणाची अँजिओप्लास्टी. म्हाताऱ्या बायकांना विचार, पुरुष ‘आजारी होता’ एवढ्यावर थांबतात. लग्न होऊन गेलेल्या लेकींची पानंही त्या वहीत घाल, त्यांची मुलं सासरच्या आडनावाखाली हरवतात आणि मग त्यांच्या डॉक्टरांना वाटतं घरात काहीच इतिहास नाही.

आत्याला मुलं होती का, हेही तुझ्या पत्रात नाही. असतील तर चवथीपर्यंत थांबू नकोस, आजच फोन कर.